विषय: सर्वेक्षणाचं पाकीट आलंय, भरावं का?

मेधा:
नमस्कार मंडळी,
गेल्या आठवड्यात टपालाने एक पाकीट आलं. आत पत्र आणि दोन डॉलरची कोरी नोट. राष्ट्रीय सर्वेक्षणासाठी आमच्या पत्त्याची निवड झाली म्हणे. हे म्हणतात, फसवणूक असणार, फाडून टाक. अविनाशकाका, तुम्ही इतकी वर्षं संख्याशास्त्र शिकवलंत म्हणून विचारते. अमेरिकेसारख्या तेहतीस कोटींच्या देशात हजारभर लोकांना विचारून काय कळतं?

अविनाश:
मेधा, पत्रावरच्या नंबरला फोन करू नकोस. संस्थेचं संकेतस्थळ स्वतः शोधून तिथे खात्री कर. सोशल सिक्युरिटी नंबर किंवा बँकेचा तपशील मागितला, तर तिथेच थांब. खरं निघालं तर मात्र जरूर भरा, ही कळकळीची विनंती.

शितावरून भाताची परीक्षा आपण रोज करतो. हजार माणसं खरोखर चिठ्ठ्या टाकून निवडावीत तशी निवडली, तर चूक साधारण तीन टक्के इकडेतिकडे. पण शित पातेल्याच्या एकाच कडेचं असलं की फसगत. १९३६ साली अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, तेवीस लाखांवर परत आल्या, आणि लँडन जिंकणार असं छापलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकले! पत्ते घेतले होते टेलिफोनच्या यादीतून आणि मोटारींच्या नोंदणीतून, तेही महामंदीत, म्हणजे बहुतेक खात्यापित्या घरांचे. शिवाय पत्रिका परत पाठवणारे आणि न पाठवणारे यांची मतं वेगळी होती.

आजचं दुखणं हे दुसरंच आहे. 'प्यू' या संशोधन संस्थेच्या फोन सर्वेक्षणांना १९९७ मध्ये ३६ टक्के प्रतिसाद मिळे, २०१८ पर्यंत तो ६ टक्क्यांवर आला. म्हणून आता पत्ते निवडून टपाल पाठवतात. आधीच नोट मिळाली की जास्त लोक उत्तर देतात, हे अनुभवाने ठरलेलं आहे. २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत कॉलेज शिकलेले लोक जास्त उत्तरं देत होते, आणि अनेक राज्यांतल्या मतचाचण्यांनी त्याची दुरुस्ती केलीच नाही. विस्कॉन्सिन, मिशिगनमध्ये अंदाज चुकले, त्यामागचं हे एक मोठं कारण.

निवडणुकीचं सोड. गोऱ्या-काळ्यांच्या लग्नाला १९५८ मध्ये गॅलप या जनमत संस्थेच्या पाहणीत ४ टक्के लोकांची संमती होती, २०२१ मध्ये ९४. चर्च, सिनेगॉग किंवा मशिदीचे सदस्य म्हणवणारे १९९९ मध्ये ७० टक्के होते, २०२० मध्ये ४७. आपली मराठी शाळा ज्या चर्चच्या वर्गांत भरते, तिथली रविवारची गर्दी कशी ओसरली ते मी पाहत आलोय. ते एका गावापुरतं नाही, हे या आकड्यांमुळे कळतं.

आणि आपलं? हजारांच्या नमुन्यात भारतीय वंशाचे जेमतेम पंधरा येतात. त्यांतल्या दहांनी पाकीट फाडलं, तर उरलेले पाच सगळ्यांच्या वतीने बोलणार.

मेधा:
काका, खात्री केली, खरं आहे. पण पत्रात लिहिलंय की घरातल्या ज्या प्रौढ व्यक्तीचा पुढचा वाढदिवस सगळ्यात आधी येतो, तिनेच भरायचं. म्हणजे सासूबाई! त्यांचं ग्रीन कार्ड आहे, मतदान करता येत नाही. चालेल?

अविनाश:
फक्त मतदारांची पाहणी नसेल तर चालेल. वाढदिवसाची अट मुद्दाम असते. नाहीतर प्रत्येक घरात तेच हौशी उत्तर देतील. प्रश्न मराठीत सांग, पण उत्तर त्यांचंच असू दे. 'प्यू'ने २०२२-२३ मध्ये सात हजार आशियाई अमेरिकनांना विचारलं, तेव्हा हिंदीचीही सोय होती. मराठीची अजून कुठे पाहिली नाही.

मेधा:
काल भरलं, पाऊण तास लागला. राजकारणाचे प्रश्न थोडेच होते. एक होता, शेजाऱ्यांपैकी किती जणांना ओळखता: सगळ्यांना, बऱ्याच जणांना, काहींना की कुणालाच नाही? आम्ही दोघांनी 'काहींना' म्हटलं असतं. सासूबाई रोज सकाळी फेरी मारतात. त्यांनी 'सगळ्यांना' सांगितलं आणि एकेका घराचं नाव घेऊन दाखवलं.