मदत हवी आहे: धमनीचं मॉडेल ९ किलोपास्कलला मान टाकतंय

नमस्कार मंडळी. धमनीच्या भिंतीचं फायनाइट एलिमेंट मॉडेल (भिंतीचे छोटे तुकडे, म्हणजे एलिमेंट, पाडून संगणकावर केलेलं गणित) करतोय आणि पुरता अडकलोय. मीडिया (मधला) आणि ॲडव्हेन्टिशिया (बाहेरचा) हे दोनच थर घेतलेत. तरुण, निरोगी धमनीत इंटिमा (सगळ्यात आतला थर) फारसा भार घेत नाही म्हणून सोडला. मटेरियलसाठी होल्झाप्फेल, गॅसर आणि ओग्डेन यांचं २००० सालचं धमनीच्या भिंतीचं सूत्र: प्रत्येक थरात कोलॅजन तंतूंचे दोन संच, मळसूत्रासारखे उलटसुलट फिरणारे.

आतला दाब १३.३ किलोपास्कल, म्हणजे पाऱ्याचे १०० मिलिमीटर, इथवर न्यायचाय. पण ९ च्या आसपास तंतू ताठ व्हायला लागले की सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा प्रोग्रॅम) दाब वाढवायची पावलं बारीक करत करत थांबतो. सूत्रातलं तंतूंचं पद घातांकी आहे, थोडा त्रास होणारच. पण त्याआधीच एलिमेंटचं आकारमान चक्क वाढलेलं दिसतं, आणि ऊती तर जवळजवळ असंपीड्य (आकारमान न बदलणारी)!

तंतूंच्या पदात मी आकारमानाचा भाग वगळलेले इन्व्हेरियंट (विरूपण मोजणाऱ्या राशी) वापरलेत. घोळ तिथेच आहे का? पूर्ण इन्व्हेरियंट घेऊ? नुसता बल्क मॉड्युलस (आकारमान बदलायला होणारा विरोध) वाढवला की एलिमेंट लॉक होतात, म्हणजे खोटेच ताठ होतात, ते भोगून झालंय.

शिवाय अवशिष्ट ताण (दाब नसतानाही भिंतीत असणारा, ज्यामुळे कापलेलं धमनीचं कडं उघडतं) अजून घातलेलाच नाही. उघड्या कड्यापासून सुरुवात करून, ते मिटवून मग दाब देणं कुणी केलंय का? कडं मिटतं त्या जोडाच्या जागी एलिमेंटची जाळी कशी सांभाळलीत?