पहिलं सत्र, जून ते दिवाळी: शाळेतले उपक्रम उभे कसे राहतात? खान्देशातल्यांसाठी अनुभव धागा

खडूफळा (धागाकर्ता):
जूनच्या मध्याला शाळा भरते आणि दिवाळीपर्यंत उपक्रमांची नुसती रांग लागते. वृक्षारोपण, दिंडी, ९ ऑगस्ट, स्वातंत्र्यदिन, शाडूचे गणपती, शिक्षक दिन, गुलाबाई (मुलींचा गाणी-टिपऱ्यांचा सण), २ ऑक्टोबर, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, आनंद मेळावा. परिपत्रक आदल्या दिवशी येतं, फोटो त्याच दिवशी मागतात. त्यात नववी-दहावीचा अभ्यासक्रम पुढे सरकवायचा असतो तो वेगळाच.

इथे फक्त कामाचं लिहा: माल किती, तयारी किती दिवस आधी, कुठे फसतं आणि का. कोणाच्या शाळेने किती बक्षिसं आणली ते अहवालात येतंच, ते नको. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्हीकडचे या.

पांझराकाठी:
लेझीमपासून सुरू करतो. १५ ऑगस्टला मैदानावर लेझीम दाखवायची असेल तर ४८ मुलं हा सोयीचा आकडा आहे. ८ च्या ६ रांगा होतात, चौकही होतात आणि दोन वर्तुळंही. रोज ३५ मिनिटं धरली तर १२ दिवस पुरतात. पहिले चार दिवस जागेवरच 'चार आवाज' (लेझमीचे मूळ चार ठोके) पक्के करायचे, पाय हलवायचे नाहीत. पाचव्या दिवसापासून पवित्रा, आठव्यापासून रचना. उलट केलं, म्हणजे आधी रचना शिकवली, की मुलं जागा शोधण्यात गुंततात आणि आवाज फुटतो.

आवाज फुटण्याचं दुसरं कारण स्पीकर. मैदानाच्या एका टोकाला स्पीकर लावून गाण्यावर लेझीम बसवली की मागची रांग कायम मागे पडते आणि सर मुलांना रागावतात. मुलांची चूक नसते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे ३४ मीटरवरच्या रांगेला ठोका सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा पोचतो. मिनिटाला १२० ठोक्यांची चाल असेल तर एका ठोक्याला अर्धा सेकंद मिळतो, त्यातला पाचवा हिस्सा असा हवेतच जातो. उपाय सोपा आहे: हलगी किंवा ढोल मधोमध उभा करा, गाणं बंद.

सराव मुरमावर घ्या. ऑगस्टात काळ्या मातीच्या मैदानावर दोन फेऱ्यांत बुटाला किलोभर चिखल लागतो. कपाटातून लेझमी काढल्या की आधी प्रत्येकीची साखळी दांड्याला धरणारा खिळा ओढून बघा. सैल असेल तर तो नेमका कार्यक्रमात निघतो आणि चकत्या पुढच्याच्या पायावर पडतात. शंभरात दहा लेझमी तरी दुरुस्तीला निघणार, असं धरूनच चाला.

सातपुड्याकडून:
९ ऑगस्टबद्दल. नंदुरबारकडच्या शाळांत त्या दिवशी क्रांती दिन आणि आदिवासी दिन एकत्र येतात. आधी ढोलाचं सांगतो. पावसाळी हवेत चामडं ओल धरून सैल पडतं आणि आवाज बसतो. कार्यक्रमाच्या तासभर आधी ढोल शेकोटीपासून तीन-चार हातांवर उभा ठेवायचा आणि दर पाच मिनिटांनी फिरवायचा. फार जवळ नेला की कातडं कडक होऊन चिरतं. वाजवणाऱ्याच्या घरी हे सगळ्यांना माहीत असतं, तेव्हा ढोल शाळेच्या शिपायाकडे न देता त्याच्याकडेच द्या.

दुसरं पोशाखाचं. भाड्याच्या दुकानातून पानांचे घागरे आणून, तोंडाला काळं फासून 'आदिवासी नृत्य' बसवतात ते कृपया बंद करा. पावरा, भिल्ल, मावची मुलांच्या घरी स्वतःचा पोशाख आणि दागिने असतात. समोर बसलेल्या पालकांना तो भाड्याचा अवतार कसा दिसत असेल याचा विचार करा. घरून चांदीचे दागिने येणार असतील तर वहीत नोंद, पालकांची सही आणि कार्यक्रम संपताच परत.

लगेच महिनाभराने ९ सप्टेंबर येतो. १९४२ साली याच दिवशी नंदुरबारला शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती गोळीबारात हुतात्मा झाले. शिरीषकुमार पंधरा वर्षांचा होता, म्हणजे आजच्या नववी-दहावीच्या वयाचा. प्रभातफेरी सकाळी ७ ला, दोनच्या रांगा, दर २५ मुलांमागे एक शिक्षक, आणि रस्ता ओलांडायच्या जागी आरएसपीची (रस्ता सुरक्षा पथकाची) मुलं आधी पोचलेली हवीत. भाषण पाच मिनिटं पुरे, मुलं उन्हात उभी असतात.

गिरणामाय:
शाडूची कार्यशाळा. सहा इंची मूर्तीला भिजवलेली माती साधारण एक किलो लागते, म्हणजे कोरडी पावडर पाऊण किलो. ४० मुलांना ३० किलो आणि वर ३ किलो राखीव. किलोला पाणी ३५० मिली लागतं, पण ते एकदम ओतायचं नाही. आदल्या संध्याकाळी भिजवून ओल्या गोणपाटाखाली ठेवायची, सकाळी पुरणासाठी कणीक तिंबतो तशी तिंबायची. बोटाला चिकटली तर पाणी जास्त झालंय, गोळा दाबल्यावर कडेला भेगा दिसल्या तर कमी.

'आपल्या शेतातली काळी माती काय वाईट?' असा प्रश्न दरवर्षी येतो. काळी माती भिजली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेतात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, त्याच मूर्तीच्या पोटावर पडणार.

शाडूलाही तडे जातात, त्याची ठिकाणं ठरलेली. मान, सोंडेचं मूळ आणि दंड. धड जाड आणि सोंड बारीक असते, बारीक भाग आधी वाळून आकसतो आणि जोडावर ताण येतो. जोड देताना दोन्ही बाजू काडीने खरवडायच्या, मातीचीच दाट राबडी लावायची, मग दाबून बसवायचं. नुसती ओल्या बोटाने चिकटवलेली सोंड तिसऱ्या दिवशी गळते. मूर्ती पूर्ण झाली की बैठकीखालून चमच्याने माती कोरून काढा, दोन सेंमी जाडी राहील इतकी. हे बहुतेक ठिकाणी राहून जातं, आणि वरून कोरडी दिसणारी मूर्ती आतून ओलीच राहते. शेवटी गुळगुळीत करायला मुलं पाण्याचा हात फिरवतच बसतात, त्यांना तिथेच थांबवा. ते पाणी वरच्या थरात जिरतं आणि जाळीसारख्या बारीक भेगा उमटतात.

वाळवणं सावलीत, पंख्याशिवाय, पाच ते सहा दिवस. रिपरिप असेल तर आठ. म्हणून चतुर्थीच्या किमान १२ दिवस आधी कार्यशाळा घ्या, म्हणजे रंगाला दोन दिवस मिळतात. गेरू आणि हळद डिंकाच्या पाण्यात कालवून लावली की पुरते.

खडूफळा:
विसर्जनानंतरची माती पुढच्या वर्षी चालते का?

गिरणामाय:
चालते. बादलीत रात्रभरात खाली बसते. वरचं पाणी झाडांना, गाळ कापडावर पसरून वाळवायचा आणि फोडून चाळायचा. फक्त ऑइल पेंटची मूर्ती त्यात मिसळू देऊ नका, सगळा साठा वाया जातो.

दादरची भाकर:
शिक्षक दिनाचं स्वयंशासन थोडक्यात. १२ तुकड्या, २५ मिनिटांच्या ६ तासिका, म्हणजे ७२ तासिका. एका विद्यार्थी-शिक्षकाला दोन दिल्या तर ३६ मुलं लागतात, शिवाय मुख्याध्यापक, लेखनिक आणि शिपाई. शिपाई कोणी होत नाही, ते पद चिठ्ठीने काढा. खेळाच्या तासाला पंधरा अर्ज येतात आणि गणिताला एकही नाही, म्हणून विषयही चिठ्ठीनेच. पाठाची टाचणं तीन दिवस आधी तपासून घ्या, नाहीतर पाचवीच्या वर्गात २५ मिनिटं शब्दकोडी चालतात.

कळणंभाकरी:
बोलीच्या स्पर्धांबद्दल लिहायचं होतं. खान्देश म्हटलं की अहिराणी असं समजून अहिराणी काव्यवाचन ठेवतात आणि त्यात हमखास कोणीतरी बहिणाबाई चौधरींची कविता म्हणतं. बहिणाबाई असोद्याच्या, त्यांची बोली लेवा गणबोली. यावल-रावेर-फैजपूर पट्ट्यात ती घराघरात आहे. अहिराणीत 'आहे'ला 'शे' म्हणतात, हा कान पकडला तरी फरक कळतो. तेव्हा स्पर्धेचं नावच 'आपल्या बोलीत' असं ठेवा. अहिराणी, लेवा, गुजरी, भिली, पावरी सगळं बसतं आणि शहादा-तळोद्याची मुलं बाहेर राहत नाहीत.

वेळ तीन मिनिटं. परीक्षक दोन हवेत, त्यातला एक तरी ती बोली घरी बोलणारा. मजकूर लिहून घेताना मुलं किंवा शिक्षक नकळत त्याला पुस्तकी करतात. 'मी जाई राहिनू'चं 'मी जात आहे' झालं की उरलं काय? उलट अडचणही होते: कागदावर 'तू कथा जाई राहिना' लिहिलेलं असतं आणि बाहेरगावचा निवेदक 'कथा' म्हणजे गोष्ट समजून वाचतो. 'कथा' म्हणजे कुठे. अशा शब्दांखाली रेघ मारून अर्थ समासात लिहून द्या.

गुलाबाईची गाणी गोळा करतानाही हेच. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंतचा महिना हाताशी असतो. प्रत्येक मुलीने एक गाणं आजीकडून किंवा शेजारच्या मावशीकडून उतरवून आणायचं. वर गावाचं नाव आणि म्हणणारीचं नातं, गाणं जसं ऐकलं तसं. एकच गाणं चार गावांत चार तऱ्हेने येतं, ते चारही ठेवा.

तापीकाठ:
गुलाबाईच्या कार्यक्रमात पुरवणी. १२-१५ मुलींचा गट, दोन गाणी, टिपऱ्या एक फूट लांबीच्या. प्लास्टिकच्या टिपऱ्यांना नाद नसतो, सुताराकडून लाकडी करून घ्या. खाऊ ओळखण्याचा खेळ सगळ्यात रंगतो आणि सगळ्यात लांबतो. डबा हलवून आवाज ऐकवायचा, मग गोड की तिखट, तळलेला की भाजलेला असे पाचच प्रश्न. सहावा प्रश्न नाही, डबा उघडायचा. नाहीतर आठ गटांत दुपार जाते आणि बाहेरगावाहून येणाऱ्या मुलींची बस चुकते. एवढं सांभाळलं तरी झालं.

पांझराकाठी:
वनराई बंधारा, म्हणजे नाल्यावर मातीच्या पोत्यांचा कच्चा बांध, कोणी लिहिला नाही, म्हणून परत आलो. नाला ५ मीटर रुंद, बांध १ मीटर उंच, तळाशी दीड मीटर आणि माथ्याला अर्धा मीटर धरला तर ५ घनमीटर भरतात. सिमेंटचं रिकामं पोतं पूर्ण भरायचं नाही. अर्ध्याच्या आत, २५ ते ३० किलो, दोघांनी उचलायचं. असं पोतं आडवं टाकून चोपलं की साधारण ५० सेंमी लांब, ३५ रुंद, १० उंच बसतं. हिशेबाने पोती लागतात ३०० च्या आसपास, फाटकी धरून ३३० जमवा. गावात बांधकाम चालू असेल तिथे आधीच सांगून ठेवलं तर पैसे पडत नाहीत. दाभण १०, सुतळी ३५० मीटर, फावडी-घमेली दहा-दहा.

६० मुलं, नववीच्या खालची नकोत. तिघांचा एक गट तासाला आठ पोती भरतो आणि शिवतो, तेव्हा दहा गटांना चार तास लागतात. दोन सकाळींत काम करा. उरलेली तीस मुलं रांगेत उभी राहून पोतं हातोहात पुढे देतात. पाठीवर घेऊन चालायला लावू नका.

बांध फुटतो तो वरून नाही, खालून. तळातली सुटी वाळू न काढता पहिला थर टाकला की पाणी खालून वाट काढतं, दोन दिवसांत वरची पोती कोरडी आणि नाला वाहता. मुरूम किंवा घट्ट थर लागेपर्यंत वाळू उपसा, वीत-दीड वीत चर काढा, मग पहिला थर. वरचे थर विटांच्या बांधकामासारखे सांधमोड करून, शिवलेलं तोंड बांधाच्या आत. फटींत काळी माती ठासायची. गिरणामायने शाडूला जी नको म्हटली तीच इथे हवी, कारण ओली झाली की फुगून फट बुजवते. माथ्यावर मधोमध एक थर कमी ठेवा म्हणजे जास्तीचं पाणी तिथूनच सांडेल, आणि जिथे सांडणार तिथे खाली दगड पसरा. दोन्ही काठांत पोती हातभर आत घुसवलेली हवीत.

वेळ ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. आधी केलं तर परतीचा पाऊस घेऊन जातो, उशीर केला तर धार आटते. शिवाय कापूस वेचणी जोरात सुरू झाली की वर्गात निम्मी मुलं नसतात. ग्रामपंचायतीचं पत्र आधी घ्या. उन्हाने पोती मे महिन्यापर्यंत चुरा होतात, जूनच्या आत ती काढून घेणं हाही उपक्रमाचाच भाग धरा, नाहीतर सगळं प्लास्टिक नाल्यात.

दादरची भाकर:
आनंद मेळाव्याचा हिशेब देऊन ठेवते. भत्त्याचा (सुक्या भेळेसारख्या खाऊचा) स्टॉल: मुरमुरे १ किलो, शेव ५०० ग्रॅम, फुटाणे २५० ग्रॅम, कांदा ५०० ग्रॅम, कोथिंबीर-लिंबू-तिखट मिळून दीडेकशे. ६० ग्रॅमचे ४० द्रोण होतात. सगळं एकदम कालवलं की दहा मिनिटांत मुरमुरे सादळतात. चार-चार द्रोणांपुरतंच कालवा. कांदा तासभर आधी चिरून ठेवला की उग्र वास मारतो. सुट्टे पैसे प्रत्येक स्टॉलला २०० रुपयांचे, दहाच्या नाण्यांत. खर्चाची चिठ्ठी स्टॉलवरच चिकटवायला लावा: माल, विक्री, नफा. गणिताचा तास वेगळा घ्यावा लागत नाही.

तापीकाठ:
भरीत-भाकरीचा स्टॉल का नको? मुलं तेच मागतात.

दादरची भाकर:
मागू द्या, पण ऑक्टोबरात भरताची चांगली वांगी निघत नाहीत. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ती चव थंडीतली. डिसेंबरात ठेवा. ५ किलो वांगी भाजून-सोलून साडेतीन किलो गर निघतो, दाणे-मिरची-पात धरून १२० ग्रॅमच्या तीसेक प्लेटी. काड्यांवर भाजण्याआधी प्रत्येक वांग्याला सुरीने दोन टोचे मारा, नाहीतर फुटून गरम गर अंगावर उडतो. भाजायला मोठी माणसंच बसवा, मुलांना बडगीत (ठेचायच्या लाकडी भांड्यात) ठेचायला द्या.