मदत हवी आहे : अभिवाचनासाठी मूळ मराठी विज्ञानकथा

सांगलीत नववी-दहावीच्या मुलांसाठी आम्ही दर रविवारी तासाभराचे विज्ञानकथांचे अभिवाचन करतो. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने पाठवलेली ‘कृष्णविवर’ मुलांनी जागचे न हलता ऐकली. लक्ष्मण लोंढे यांची ‘दुसरा आइन्स्टाईन’ही वाचून झाली. पुढची कथा मात्र ऐन रहस्यापाशी अडली, कारण वाचनालयातल्या प्रतीची शेवटची चार पाने गळालेली निघाली. जुन्या पुस्तकांची दुकानेही पालथी घातली आहेत. भाषांतरे नकोत, भयकथाही नकोत (नारायण धारप मलाही आवडतात, पण तो विषय वेगळा), आणि लांबी पंधरा पानांपलीकडे नसावी. अशा कोणत्या कथा आज छापील स्वरूपात विकत मिळतात आणि त्या कोणत्या संग्रहात आहेत?