घरातला बोका ६ किलो ४०० ग्रॅमचा झाला आहे. उपाशी न ठेवता त्याचे वजन कसे उतरवावे?

खारीगावकर

नमस्कार. आमच्या घरी बंड्या नावाचा सहा वर्षांचा देशी बोका आहे. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, त्यामुळे पिल्लू म्हणून आणल्यापासून तो घराबाहेर पडलेला नाही. आठव्या महिन्यात त्याची नसबंदी झाली. मागच्या आठवड्यात लस देण्यासाठी नेले तेव्हा काट्यावर ६ किलो ४०० ग्रॅम भरले आणि डॉक्टरांनी त्याच्या बांध्याला नऊपैकी आठ गुण दिले. आठ म्हणजे उत्तम अशा समजुतीने मी क्षणभर सुखावलो. मग त्यांनी समजावले की या मोजणीत पाच गुण हा आदर्श बांधा असतो आणि त्यापुढचा प्रत्येक गुण म्हणजे दहा ते पंधरा टक्के जादा वजन. त्यांच्या मते बंड्या ४ किलो ८०० ग्रॅमच्या आसपास असायला हवा. रक्ताच्या तपासणीत साखर आणि यकृत दोन्ही ठीक निघाले. "खाणे कमी करा आणि खेळवा" एवढे सांगून त्यांनी पुढचा रुग्ण बोलावला, कारण बाहेर रांग मोठी होती.

आता त्याच्या खाण्याविषयी प्रामाणिकपणे लिहितो. कोरड्या खाण्याची वाटी दिवसभर भरलेली असते आणि ती रिकामी दिसली की जो जवळ असेल तो भरतो. सकाळी चहाच्या वेळी सासूबाई त्याला म्हशीचे दूध देतात, आणि दूध तापवले असेल त्या दिवशी वर साय असते. मासे आणले की त्याचा वाटा ठरलेला. रात्री मुलगी चाटवायच्या खाऊची एखादी नळी फोडते. इतके असूनही पहाटे साडेचारला तो माझ्या छातीवर येऊन बसतो, आणि सहा किलोंचा प्राणी छातीवर बसल्यावर झोप लागणे शक्य नसते.

घरात चिमी नावाची दुसरी मांजरही आहे. ती जेमतेम तीन किलोंची असून थोडे थोडे, दिवसभर खाते. वाटी उचलून ठेवली तर तिचे काय करावे, हा वेगळाच पेच आहे. ज्यांनी हे केले आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

माडाखाली

आमच्या वाडीत आजवर जाड मांजर पाहिलेले नाही. गोठ्यातले उंदीर, कौलांवरच्या पाली आणि पाटाजवळचे बेडूक यांच्यामागे दिवस काढल्यावर चरबी साठणार कशी? भाटी तर पिल्लांना पाजून आणखी वाळते. आपल्या बोक्याला यातले काहीच करावे लागत नाही, हे दुखण्याचे मूळ आहे. आमचे आजोबा "लंघनं परमौषधम्" म्हणत. माझ्या मते आठवड्यातून एक दिवस त्याला फक्त पाण्यावर ठेवून पाहावे. भूक लागली की तो आपोआप हालचाल करू लागेल.

पशुवैद्यक, कोल्हापूर

वरील प्रतिसादातील पहिला भाग पटण्यासारखा आहे, परंतु शेवटची सूचना कोणीही अमलात आणू नये, ही कळकळीची विनंती. माणसाला आणि कुत्र्याला सोसणारे लंघन जाड मांजराच्या जिवावर बेतू शकते. मांजराचे पोट रिकामे राहिले की शरीरातील चरबी वेगाने यकृताकडे येऊ लागते, आणि तिचा निचरा करण्याची यकृताची क्षमता तोकडी पडल्यामुळे यकृताच्या पेशींमध्येच चरबी साचते. दोन-तीन दिवसांच्या उपासानेही हे सुरू होऊ शकते. मांजर मलूल होते, लाळ गाळते, हिरड्या आणि कानांची आतली बाजू पिवळी पडते, आणि मग नळीने अन्न भरवत कित्येक आठवडे झगडावे लागते. जितके मांजर जाड तितका हा धोका मोठा. म्हणून नवे खाणे पसंत नाही म्हणून बंड्याने चोवीस तास तोंड लावले नाही, तर "भूक लागली की खाईल" असे म्हणत थांबू नका; जुने खाणे पुढे ठेवा आणि डॉक्टरांना कळवा.

आता हिशेब. नसबंदीनंतर मांजराची ऊर्जेची गरज साधारण पाव हिश्शाने किंवा थोडी अधिक घटते आणि भूक मात्र वाढते, त्यामुळे वाटी पूर्वीइतकीच भरत राहिल्यास वजन चढणे ठरलेले. पुष्कळ लोक थायरॉइडकडे बोट दाखवतात. परंतु मांजरांमध्ये थायरॉइड मंदावण्याचा आजार फार विरळा असतो, उलट उतारवयात ती ग्रंथी जास्त काम करू लागते आणि मांजर वाळते. वजन उतरवताना आम्ही जनावराच्या सध्याच्या नव्हे, तर आदर्श वजनावरून गणित मांडतो. त्या वजनाचा ०.७५ वा घात घेऊन त्याला ७० ने गुणले की विश्रांतीच्या अवस्थेतील रोजची गरज किलोकॅलरीत (पुढे हिलाच नुसते कॅलरी म्हटले आहे) मिळते, आणि त्याच्या ऐंशी टक्क्यांपासून सुरुवात करतात. ४.८ किलोंसाठी विश्रांतीची गरज २२७ येते आणि तिचे ऐंशी टक्के म्हणजे सुमारे १८०.

आपण वर्णन केलेला आहार या आकड्याशेजारी ठेवून पाहा. बहुतेक कोरड्या खाण्यात १०० ग्रॅमला ३५० ते ४०० कॅलरी असतात. वाटीतून दिवसाला ६० ग्रॅम जात असतील तर सव्वादोनशे तिथेच झाल्या. म्हशीच्या १०० मिलिलिटर दुधात सुमारे शंभर कॅलरी असतात, म्हणजे सासूबाईंच्या प्रेमाची ती एक बशी दिवसाच्या निम्म्याहून अधिक आहार व्यापते, सायीचा हिशेब वेगळाच. शिवाय मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दुधातील साखर नीट पचत नाही. दूध पूर्ण बंद करावे. त्याने कोणतेही नुकसान होणार नाही.

मात्र आजचे ६० ग्रॅम खाणे उद्या निम्मे करू नका. साध्या खाण्याची मात्रा फार कमी केली तर कॅलरींबरोबर प्रथिने, टॉरिन (मांजराला अन्नातूनच मिळावा लागणारा एक घटक) आणि जीवनसत्त्वेही कमी पडतात, आणि मांजर चरबीऐवजी स्नायू गमावते. वजन उतरवण्यासाठीचे जे खाणे मिळते त्यात हे घटक मुद्दाम जास्त ठेवलेले असतात. डॉक्टरांना विचारून ते निवडा आणि सात ते दहा दिवसांत जुन्यात थोडे थोडे मिसळत बदला. बंड्यासाठी एक ढोबळ दिवस असा होईल: ८० ते ८५ ग्रॅमचे ओले पाऊच, ज्यात साधारण ६५ कॅलरी असतात, १०० ग्रॅमला ३३० कॅलरी असलेले कोरडे खाणे ३० ग्रॅम, म्हणजे सुमारे शंभर कॅलरी, आणि उरलेल्या पंधरा खाऊसाठी. पाकिटावरचे आकडे वाचूनच नेमके प्रमाण ठरवावे. ओल्या खाण्यात तीन चतुर्थांशांहून अधिक पाणी असल्याने तेवढ्याच कॅलरीत पोट जास्त भरते, आणि बोक्यांच्या मूत्रमार्गालाही ते पाणी हवेच असते.

आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते दोन टक्के घट सुरक्षित समजतात. बंड्याच्या बाबतीत एक टक्का म्हणजे ६४ ग्रॅम. घाई करायची नसल्याने हे काम सहा-आठ महिन्यांचे आहे, असेच धरून चाला.

तीन मांजरांची आई

डॉक्टरांनी गणित सांगितले, मी घर कसे सांभाळावे ते सांगते. आमच्याकडची एक मांजर ६ किलोंवरून साडेचारवर आली, त्याला दहा महिने लागले, आणि त्यातले पहिले दोन महिने मांजराला नव्हे तर माणसांना वळण लावण्यात गेले.

सर्वप्रथम ग्रॅमवर मोजणारा स्वयंपाकघरातला काटा घ्या. वाटी किंवा चमचा यांचा काही उपयोग नाही. तीच वाटी माझ्या हातून भरली तर २५ ग्रॅम आणि यजमानांच्या हातून भरली तर ४० ग्रॅम होत असे. रात्रीच दुसऱ्या दिवसाचे सगळे खाणे मोजून एका डब्यात काढून ठेवा आणि घरातल्या प्रत्येकाने त्याच डब्यातून द्यावे. डबा संपला की दिवस संपला. सासूबाईंना "देऊ नका" असे सांगू नये, त्याने मन दुखावते आणि साय लपून दिली जाते. त्यांच्यासाठी एक छोटी डबी वेगळी करा, त्यात उकडलेल्या चिकनचे दहा ग्रॅम बारीक तुकडे घाला आणि चहाच्या वेळी ते देण्याचा मान त्यांचाच ठेवा. चिकन मीठ न घालता उकडलेले असावे, आणि कांदा-लसूण लागलेला रस्सा मुळीच नको, कारण त्याने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. सुके बोंबील आणि जवळा खारट असतात, तेही बंद.

चिमीसाठी मी केलेला उपाय करून पाहा. झाकण असलेल्या मोठ्या प्लास्टिकच्या खोक्याला फक्त तिचे अंग जाईल एवढे भोक पाडा, कडा घासून चिकटपट्टी लावा, आणि तिचे खाणे आत ठेवा. बोक्याचे डोके जाते, पोट अडकते. खोके जड हवे, नाहीतर तो ते उलटे करतो.

पहाटेच्या हाकेला उठून खायला दिले, की ती हाक पक्की झाली असे समजावे. रात्री अकराला शेवटचा हिस्सा द्या, शक्य असल्यास वेळ लावता येणारे भांडे आणा म्हणजे पहाटे ते भांडेच उघडेल आणि मांजर तुमच्याऐवजी त्याच्यापुढे बसेल. पहिले दोन आठवडे ओरडणे वाढते. दार लावून झोपावे.

खेळाविषयी एक स्पष्ट मत मांडते: नुसत्या खेळाने वजन उतरत नाही. ते खाण्याने उतरते. खेळाने स्नायू टिकतात आणि "भूक" म्हणून जी मागणी होत असते ती पुष्कळदा कंटाळ्याची निघते, एवढा त्याचा खरा लाभ. जाड मांजर सुरुवातीला आडवे पडून एक पंजा हलवते, त्याने निराश होऊ नये. काठीला बांधलेले पीस जमिनीलगत, सोफ्याच्या कडेमागून अर्धवट दिसेल असे सरकवा, कारण मांजराला तोंडावर नाचणाऱ्या पिसापेक्षा निसटून जाणारे सावज आवडते. दोन-तीन मिनिटांपासून सुरुवात करून दिवसातून दोनतीनदा दहा मिनिटांपर्यंत न्या, आणि सकाळ-संध्याकाळचे खेळ जेवणाच्या थोडे आधी ठेवा. तोंड उघडे ठेवून धापा टाकू लागला तर ताबडतोब थांबा. मांजराच्या बाबतीत ते साधे दमणे नव्हे. लेझरचा ठिपका हातात कधीच येत नसल्याने काही मांजरे चिडतात, तो वापरलाच तर शेवटी ठिपका खऱ्या खेळण्यावर आणून ते पकडू द्यावे. खेळ संपला की काठी कपाटात ठेवा. लोकरीचा धागा किंवा रबरबँड गिळले गेले तर आतडे गोळा होऊन शस्त्रक्रिया करावी लागते.

कोरड्या खाण्याचा निम्मा भाग तरी त्याला कमवायला लावा. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये दाणे टाकले की एकेक दाणा पंजाने काढावा लागतो; पाण्याच्या छोट्या बाटलीला दाण्याहून थोडी मोठी भोके पाडली की ती ढकलत फिरावे लागते. जे जेवण तीस सेकंदांत संपत होते ते वीस मिनिटे पुरते.

माडाखाली

लंघनाची सूचना मागे घेतो. हे ठाऊक नव्हते. एक शंका मात्र आहे: चालताना लोंबणारी पोटाखालची कातडी आमच्या सडपातळ बोक्यालाही आहे. तीच चरबी का?

पशुवैद्यक, कोल्हापूर

नाही. मागच्या पायांपुढची ती सैल झोळी बहुतेक मांजरांना उपजत असते आणि वजन उतरल्यावरही राहते, त्यामुळे तिच्यावरून निर्णय करू नये. फासळ्या चाचपाव्यात. आपल्या हाताच्या पालथ्या बाजूवरून बोट फिरवल्यावर हाडे जशी लागतात तशा फासळ्या लागल्या तर बांधा योग्य. तळहातावरून फिरवल्यासारखे मऊ लागले तर जाड. मुठीच्या पेरांसारख्या टोचल्या तर मांजर फार बारीक आहे.

खारीगावकर

नऊ आठवड्यांनी लिहितो आहे, म्हणून प्रथम क्षमस्व. बंड्या आज ५ किलो ९८० ग्रॅम आहे. तो काट्यावर थांबत नसल्याने टोपलीसह सामान तोलायच्या लटकत्या काट्याला अडकवतो आणि टोपलीचे वजन वजा करतो. दर रविवारी, सकाळच्या जेवणाआधी.

सहाव्या आणि सातव्या आठवड्यात काटा जागचा हलला नाही. डब्याचा हिशेब बरोबर, दूध बंद, सासूबाई डबीवर खूश. शेवटी मुलीने पाहिले की चिमी खोक्यातून बाहेर येताना तोंडात चार दाणे घेऊन येते, ते भोकाशी पाडते, आणि हे महाशय तिथेच पहारा देत बसलेले असतात. आता खोके ओट्यावर ठेवले आहे, जिथवर त्याची उडी अजून पोहोचत नाही. तो पाठीचा मागचा भाग पुन्हा स्वतः चाटू लागला आहे. तिथे केसांच्या गाठी होत असत आणि आम्ही ती उन्हाळ्याची तक्रार समजत होतो.

एक प्रश्न उरला आहे. वजन कमी झाल्यावर १८० चा आकडाही कमी करावा का?

पशुवैद्यक, कोल्हापूर

नाही. तो आकडा आदर्श वजनावरून काढलेला असल्याने तोच राहील. खोके हलवल्यानंतरही सलग तीन-चार आठवडे घट झाली नाही तरच पाच ते दहा टक्क्यांनी कमी करावा, आणि तेही आपल्या डॉक्टरांना दाखवून. उलट आठवड्याला १२० ग्रॅमपेक्षा अधिक उतरू लागले तर थोडे वाढवावे. पाच किलोंच्या आसपास आल्यावर तो ओट्यावर उडी मारू शकेल, तेव्हा खोक्यासाठी दुसरी जागा आताच शोधून ठेवा.