जोडीनं स्कूबा शिकायचंय, चार दिवस हातात आहेत. मालवण की नेत्राणी?

मलप्रभाकाठ (खानापूर)

नमस्कार मंडळी. डिसेंबरात मिस्टरांना आणि मला एकदम चार दिवस सुट्टी मिळतेय, गुरुवार ते रविवार. फोटोपुरतं पाण्यात उतरून यायचं नाही, नीट शिकून कार्ड (डायव्हिंगचं प्रमाणपत्र) घ्यायचं आहे. मला नदीत-विहिरीत पोहायची लहानपणापासून सवय आहे. मिस्टरांना पोहता येत नाही, चष्मा आहे (उणे साडेतीन) आणि थंडी पडली की सर्दी ठरलेली.

बेत असा: बुधवारी रात्री आंबोलीनं खाली उतरून मालवण, रविवारी सकाळी शेवटची बुडी, जेवण करून संध्याकाळपर्यंत घरी. बसतंय का हे? दोघांनी एकाच कोर्सला बसावं का? मुरुडेश्वरहून नेत्राणी बेटावरही शिकवतात म्हणे, ते जास्त बरं का?

---

घाटमाथा

ताई, बाकी सगळं मागाहून ठरवा, आधी रविवारची बुडी काढून टाका. आपल्याकडचे लोक नेमके इथंच चुकतात.

पाण्याखाली टाकीतली हवा दाबाखाली फुफ्फुसात जाते. त्यातला नायट्रोजन रक्तात आणि मांसात विरघळून राहतो. वर आल्यावर तो श्वासावाटे हळूहळू निघतो, त्याला तास लागतात. सगळा निघायच्या आत बाहेरचा दाब आणखी कमी झाला तर त्याचे बुडबुडे धरतात. सोड्याची बाटली उघडल्यावर होतं तसं. म्हणून डायव्हिंगनंतर लगेच विमानात बसू नका असं सांगतात. पण मालवणच्या माणसाला घरी जायला घाट चढावा लागत नाही, त्यामुळे घाटाचं कुणी आपणहून सांगेलच असं नाही.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे. किनाऱ्यावर हवेचा दाब १०१३ मिलिबार धरला तर आपल्याकडे तो ९२५ च्या आसपास. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, म्हणजे डॅन, या संस्थेची बुडीनंतरच्या उड्डाणाची शिफारस २००० फुटांपासून, म्हणजे सुमारे ६१० मीटरपासून लागू होते. आपण त्या रेषेच्या वरच राहतो. आंबोली, चोर्ला, अनमोड, कुठल्याही घाटानं या, गाव घाटमाथ्यावरच आहे, त्यामुळे आडवाटेनं जाऊन ही उंची चुकत नाही.

शिफारस अशी: एकच साधी बुडी झाली असेल तर निदान १२ तास थांबायचं. एका दिवसात अनेक बुड्या किंवा सलग दिवस बुड्या झाल्या असतील तर निदान १८ तास. कोर्समध्ये चार बुड्या दोन दिवसांत होतात, म्हणजे तुम्हाला १८ चा हिशेब. विमानाच्या केबिनमधल्या हवेपेक्षा आपल्याकडचा दाब जास्त, त्यामुळे धोकाही कमी हे खरं, पण नव्या माणसानं त्यावर वेळ वाचवायला जाऊ नये.

मग असं करा की. थिअरी घरीच ऑनलाइन संपवा, आठ ते बारा तासांचं काम आहे, रोज रात्री तासभर बसलात तर दोन आठवड्यांत होतं. गुरुवारी दिवसभर तलावातले धडे. शुक्रवारी दोन बुड्या, शनिवारी सकाळी दोन. शनिवारी दुपारी बाराला पाण्याबाहेर आलात तर १८ तास रविवारी सकाळी सहाला भरतात. रविवारी सकाळी सिंधुदुर्ग किल्ला बघा, दुपारी जेवून निवांत आंबोली चढा. वर तरंगत स्नॉर्कलिंग (नळीनं श्वास घेत खाली बघणं) केलं तर हरकत नाही. श्वास रोखून खोल सूर मात्र मारू नका.

परत आल्यावर सांधा ठणकायला लागला, हातापायाला मुंग्या आल्या, अंगावर चट्टे उठले, चक्कर आली किंवा कारण नसताना फार गळून गेल्यासारखं झालं, तर बाम लावून झोपायचं नाही. दवाखान्यात जाऊन "काल डायव्हिंग केलंय" हे पहिलं वाक्य बोला आणि शुद्ध ऑक्सिजन लावायला सांगा. ही लक्षणं बहुतेकांत पहिल्या २४ तासांत दिसतात.

---

वडगावकर

घाटाचं वरती अगदी बरोबर सांगितलंय. आता कोर्सबद्दल.

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली ट्राय डाइव्ह: अर्धा तास माहिती, उथळ पाण्यात सराव आणि गाइड सोबत घेऊन उतरतो. कमाल खोली १२ मीटर, मालवणला बहुतेक त्याहून बरंच कमी. पोहता यायची अट नाही. यातून कार्ड मिळत नाही. दुसरी ओपन वॉटर: पाच तलावातले धडे, चार समुद्रातल्या बुड्या, १८ मीटरपर्यंतचं कार्ड, आणि ते जगभर चालतं. यात पोहण्याची चाचणी असते: न थांबता २०० मीटर, कुठल्याही पद्धतीनं, वेळेची मर्यादा नाही, आणि नंतर १० मिनिटं तरंगणं.

म्हणजे तुमच्या मिस्टरांना डिसेंबरात ओपन वॉटर झेपायचं नाही, जर आत्तापासून रोज तलावाला गेले नाहीत तर. गोवावेसला किंवा केएलईच्या तलावावर दोन-अडीच महिने नेमानं शिकले तर २०० मीटर अशक्य नाही. पण चाचणी पास होण्यापुरतं पोहू नका. पाण्यात नाकातोंडात गेलं तरी माणूस शांत राहतो का, ही खरी परीक्षा.

तोवर जमलं नाही तर तुम्ही ओपन वॉटर करा, त्यांना एक ट्राय डाइव्ह द्या. "तू करतेस तर मीही करणार" या हट्टात जोडीतला एक जण भीती गिळून खाली जातो आणि दहा मीटरवर ती भीती उसळते. तिथून एकदम वर धाव घेणं हाच मोठा अपघात. कोर्समध्ये दोघांचा वेग सारखा नसला तर इन्स्ट्रक्टरला सांगून वेगळी जोडी लावून घ्या. नवरा-बायको एकत्र असले की जो जरा हुशार तो दुसऱ्याचं जॅकेट, पट्टे, मास्क सगळं आपणच करून देतो आणि दुसरा काही शिकतच नाही.

दोघांनी मिळून करायची गोष्ट म्हणजे पाण्यात उतरण्याआधीची एकमेकांची तपासणी: जॅकेटमध्ये हवा भरते आणि निघते का, वजनाचा पट्टा एका हातानं सुटतो का, बाकी बकल कुठं आहेत, हवा, आणि शेवटी वरपासून खालपर्यंत एक नजर. यातलं हवेचं नीट समजून घ्या. टाकीचा दाब बघायचा काटा हातात धरून रेग्युलेटरनं (टाकीतली हवा तोंडात देणाऱ्या यंत्रानं) तीन-चार मोठे श्वास घ्या. काटा २०० बारच्या आसपास स्थिर राहिला पाहिजे. प्रत्येक श्वासाला काटा खाली पडून परत वर येत असेल तर टाकीचा नळ पुरता उघडलेला नाही. वर हवा पुरते, खोल गेल्यावर मात्र श्वास जड होतो. ते होडीतच कळलं पाहिजे. हवेला तेलाचा किंवा धुराचा वास आला तर ती टाकी घेऊच नका.

नेत्राणी की मालवण? नेत्राणीचं पाणी साधारणपणे जास्त स्वच्छ आणि मासेही भरपूर, पण बेट किनाऱ्यापासून १९ किलोमीटरच्या आसपास आत आहे. होडीत तासाहून जास्त वेळ हेलकावे खात जायचं, मळमळणाऱ्याला ते जड जातं. शिकायला मालवण-तारकर्ली सोयीचं: जवळचा प्रवास, आपली भाषा, आणि तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा शिकवणारी संस्था आहे. पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून उतरण्याआधी दिलेली सूचना शब्दनशब्द समजणं फार मोठी गोष्ट. कार्ड झाल्यावर नेत्राणीला जा.

तारीख ठरवताना कॅलेंडरात तिथी बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती, ओढ जास्त आणि गाळ ढवळलेला. अष्टमीच्या आसपास भांग (कमी चढ-उताराची भरती-ओहोटी) असते, पाणी संथ आणि नितळ.

---

निपाणी_फाटा

ताई, तुम्ही विहिरीत पोहणाऱ्या, म्हणून तुम्हालाच जास्त सांगतो.

विहिरीत सूर मारताना आपण छातीभर हवा भरून श्वास कोंडतो. ती हवा वरची असते, खाली दबते आणि वर आल्यावर पुन्हा तेवढीच होते. टाकीतून घेतलेली हवा तशी नाही. १० मीटरवर पाण्याचा दाब धरून एकूण दाब दुप्पट असतो. तिथं छाती भरून घेतलेला श्वास कोंडून वर आलात तर तीच हवा दुप्पट जागा मागते, आणि फुफ्फुसाला तेवढी जागा नसते. तलावातल्या दीड मीटर पाण्यातसुद्धा यानं इजा होऊ शकते. म्हणून नियम एकच: श्वास कधीही थांबवायचा नाही. रेग्युलेटर तोंडातून निघालं तरी ओठातून बारीक बुडबुडे सोडत राहायचं. पट्टीच्या पोहणाऱ्यांना हे शिकायला नवख्यापेक्षा जास्त दिवस लागतात, कारण हाडात मुरलेली सवय मोडायची असते. वर यायचा वेग मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त नको आणि ५ मीटरवर तीन मिनिटं थांबायचं.

मिस्टरांसाठी घरचा सराव: घंगाळात किंवा मोठ्या टबात पाणी घ्या, मास्क न लावता फक्त स्नॉर्कल तोंडात, तोंड-नाक पाण्यात, आणि दोन मिनिटं तोंडानं श्वास. पहिल्या दिवशी दहा सेकंदांत डोकं वर येतं, आठवड्यात जमायला लागतं. मास्कमध्ये पाणी शिरल्यावर होणारी धांदल निम्म्यानं कमी होते. मास्कमधलं पाणी काढायचं ते असं: नजर जरा वर, मास्कची वरची कड कपाळाशी दाबायची आणि नाकातून सावकाश श्वास सोडायचा. पाणी खालच्या कडेनं निघून जातं.

---

मलप्रभाकाठ (खानापूर)

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारची बुडी काढली. मिस्टर सोमवारपासून तलावाला जाणार म्हणतात. दोन शंका राहिल्या: चष्म्याचं काय करायचं, आणि ऐनवेळी सर्दी झाली तर गोळी घेऊन उतरलं तर चालेल का?

---

घाटमाथा

चष्मा मास्कच्या आत बसत नाही, काडीमुळे कड उघडी राहते. नंबरच्या काचांचे मास्क तयार मिळतात, साधारण अर्ध्या नंबरच्या टप्प्यानं. साडेतीनला अडचण नाही, सेंटरला आधी फोन करून ठेवायला सांगा. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स चालतात, पण मास्क काढायच्या धड्याला डोळे मिटून घ्यायचे. नवीन मास्क विकत घेतलात तर काचेच्या आतल्या बाजूला कारखान्याचा सिलिकॉनचा थर असतो, साधी पांढरी टूथपेस्ट बोटानं दोन-तीन वेळा चोळून धुवा, नाहीतर दर मिनिटाला वाफ धरते.

सर्दीला गोळी घेऊन उतरू नका. दाब सगळ्यात जास्त पटीनं पहिल्या १० मीटरमध्येच वाढतो, त्यामुळे उथळ पाण्यातही कान वाचत नाहीत. खाली जाताना दर अर्ध्या-एक मीटरला नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं किंवा नाक दाबून आवंढा गिळायचा, तेही दुखायला लागण्याआधी. दुखल्यावर जोर लावून फुंकलं तर पडद्याला इजा होते. कान सुटत नसला तर मीटरभर वर या, पुन्हा करा, तरी नाही झालं तर ती बुडी सोडा. सर्दीत घसा आणि कान जोडणारी नळीच सुजलेली असते. गोळीनं ती तासाभरापुरती मोकळी होते, आणि खाली असताना असर उतरला तर वर येताना कानात हवा अडकते. खाली जायचं नाही हे आपल्या हातात असतं, वर यायचं नाही असं म्हणता येत नाही.

आणि एक: तब्येतीचा फॉर्म आत्ताच मागवून घ्या, मालवणात पोचल्यावर भरायला ठेवू नका. दमा, फिट, हृदयविकार, कानाचं ऑपरेशन, मधुमेह, रोजच्या गोळ्या, यातल्या एकालाही "हो" आलं तर डॉक्टरची सही लागते. गुरुवारी सकाळी धडे सुरू व्हायच्या वेळी ती सही मिळत नाही, आणि मग लोक "नाही" लिहून मोकळे होतात. ताई, पाळी चुकली असेल किंवा दिवस गेल्याची शंका असेल तर या खेपेला पाण्यात उतरू नका.

---

वडगावकर

वरच्या फॉर्मसोबतच सेंटरला फोनवर चार प्रश्न विचारून ठेवा: इन्स्ट्रक्टरचा मेंबर नंबर काय (पाडी, म्हणजे PADI, या कार्ड देणाऱ्या संस्थेच्या साइटवर तो तपासता येतो), एका इन्स्ट्रक्टरमागे पाण्यात किती जण, होडीवर ऑक्सिजनचं किट आहे का, आणि चारही बुड्या दोन दिवसांत वाटून देणार का. "एका दिवसात चारही उरकून देतो" म्हणाले तर दुसरं सेंटर बघा.