काळा रंग, जात आणि दर

सिमेंटल, लिमोझिन या गुरांच्या जाती मूळच्या तांबड्या-पिवळ्या, मग अमेरिकेत त्या काळ्या कशा झाल्या, असा प्रश्न पडतो. कारण दर. १९७८ साली तिथल्या अँगस या काळ्या गुरांच्या पैदासकारांनी मांसाला चढा दर मिळावा म्हणून 'सर्टिफाइड अँगस बीफ' हा शिक्का काढला. त्याची पहिली चाळणी कातडीची: अंग मुख्यतः काळं हवं. मांसातल्या चरबीची तपासणी कत्तलीनंतर. वंशावळीचा कागद लागतोच असं नाही. शिवाय काळा रंग तांबड्यावर प्रभावी. दोन्ही जनुकं काळी असलेला वळू लावला की सगळी वासरं काळीच. मग बऱ्याच जणांनी आपल्या गुरांत अँगसचं रक्त मिसळलं.

आमच्या नाशिककडे शेळ्यांत हेच चालतं. उस्मानाबादी बहुतेक काळी, म्हणून काळी दिसली की व्यापारी तेच नाव सांगून दर चढवतो. मी अशीच एक पाठ, म्हणजे तरणी शेळी, घेतली. घरी उन्हात बघितली तर मांडीला तांबूस केस, आणि दोन्ही वेतांत एकेकच करडू. जुळ्यांसाठी तर उस्मानाबादी घ्यायची!

मला खरी काळजी डांगी या आमच्याकडच्या ठिपकेवाल्या गायीची वाटते. इगतपुरीच्या पावसात ती टिकते ती तेलकट कातडीमुळे. घोटीच्या बाजारात नुसत्या ठिपक्यांवर बोली लागायला लागली, तर ही कातडी कोण हात लावून बघणार?