'जत्रुक' लिहू की 'हासळी'?

तापीकाठची:
चोपड्याकडच्या एका अस्थिरोगतज्ज्ञांसाठी रुग्णांना द्यायच्या माहितीपत्रकाचं मराठी करतेय. छातीच्या मधल्या हाडापासून खांद्याच्या टोकापर्यंत जाणारं आडवं, नागमोडी हाड आहे ना, त्याला परिभाषेतला 'जत्रुक' घातला. 'जत्रुकाचा अस्थिभंग झाल्यास हात झोळीत ठेवावा.' काल मोटारसायकलवरून पडलेल्या एका पोराच्या आईनं कागद वाचला आणि घाबरून विचारलं, "हाडमा जंतू व्हयनात का?" मी तिचीच बोटं तिच्या गळ्याखाली त्या हाडावर फिरवली. लगेच म्हणाली, "हां, हासयी!" माझ्या आजीचाही हाच शब्द. डॉक्टर म्हणतात, हासळी म्हणजे दागिना, लोक गोंधळतील. तुमच्याकडे काय म्हणतात?

गिरणाथडी:
हासळीच. आपल्याकडे ळ चा य होतो म्हणून हासयी. डोया, शाया, केयी, तसंच. माझ्या आत्याची चांदीची हासळी बरोबर त्या दोन हाडांवर टेकायची, उन्हाळ्यात तिथे काळा वळ पडायचा. माझ्या मते हाडावरूनच दागिन्याला नाव मिळालं. हिंदीतही हाड हँसली आणि दागिना हँसुली. गोंधळ कुणाचाच होत नाही.

संस्कृतप्रेमी:
लोकांना कळत नाही म्हणून शब्द टाकायचा, हे मला पटत नाही. 'जत्रु' फार जुना आहे. कान, नाक, डोळ्यांच्या विकारांना आयुर्वेद आजही 'ऊर्ध्वजत्रुगत', म्हणजे जत्रूच्या वरचे, म्हणतो. पाठीच्या मर्मांत, म्हणजे नाजूक जागांत, सुश्रुतानं 'अंसफलक' सांगितलाय, खांद्यामागच्या पसरट हाडाला किती नेमका शब्द! आज हासळी घेतलीत तर उद्या अंसफलकाला जनावरांसारखं 'फरा' म्हणाल.

गिरणाथडी:
सुश्रुताचाच आधार घ्यायचा तर या हाडाला 'अक्षक' म्हणा. आणि 'जत्रु' म्हणजे मुळात मान, श्वासनलिका, असं प्राचीन वैद्यकाचे अभ्यासक होर्न्ले यांनी १९०७ मध्येच मांडलंय. ज्या शब्दाच्या अर्थावर पंडितांचंच एकमत नाही, तो त्या बाईच्या हातात कशाला द्यायचा?

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक:
'फरा' शब्द एवढा हलका समजू नका. धुळे तालुक्यात माझी नोकरी गेली. पावसाळ्याआधी लस टोचायला गेलो की फऱ्या रोग सगळ्यांना ठाऊक असायचा. फऱ्यावर, पुठ्ठ्यावर सूज येते, दाबली की आत चरचर वाजतं. नावातच जागा सांगितली आहे.

आता गंमत अशी, की बैलाला हासळीचं हाडच नसतं. त्याचा पुढचा पाय धडाला नुसत्या मांसानं बांधलेला असतो, फरा बरगड्यांवर सरकतो. माणसाचा हात धडाला हाडानं जोडलाय तो फक्त हासळीतून. म्हणून हातावर किंवा खांद्यावर पडलं की तीच मोडते. आणखी एक. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपण खांदेमळणी करतो, हळद-लोणी चोळतो, ती जागा शरीररचनेप्रमाणे खांदा नाहीच. ती वशिंडापुढची मान. जू तिथे बसतं म्हणून तो खांदा. खांदेसूजही तिथेच येते. म्हणजे शेतकऱ्याचा 'खांदा' हाडावरून ठरत नाही, ओझं कुठे बसतं त्यावरून ठरतो.

यावलकर:
सर, माहिती उत्तम, पण माणसाला फरा म्हणू नये. फरा मटणाच्या दुकानात मागतात. केळीचे घड खांद्यावरून ट्रकपर्यंत नेणारे आमचे मजूर 'पातं दुखतं' म्हणतात, तेच बरं. बायकोच्या माहेरी 'खवाटा' म्हणतात.

संस्कृतप्रेमी:
पातं विळ्याला असतं, पंख्याला असतं. 'फलक' काय वेगळं सांगतो? पातळ, पसरट वस्तूच ना? मग मूळ शब्द का नको?

यावलकर:
कारण फलक म्हटलं की आमच्या डोळ्यापुढे बसस्टँडवरची पाटी येते.

सातपुड्याकडचा:
खांद्यावरून आठवलं. 'खान्देश' हा 'खांदा'वरूनच आला असणार. सातपुडा आणि सह्याद्री हे दोन खांदे, मधे तापीचं खोरं. वडील असंच सांगायचे.

गिरणाथडी:
ऐकायला छान, पण नाही. इथे राज्य केलेल्या फारुकी सुलतानांच्या 'खान' किताबावरून, हे जास्त मानलं जातं. अकबरानं १६०१ मध्ये अशीरगड घेतला आणि मुलगा दानियालच्या नावानं 'दानदेश' केलं, ते मागे पडलं.

सातपुड्याकडचा:
मग कान्हदेश? अहिरांचा देश, कान्हाचा देश. तो कसा सोडता?

तापीकाठची:
खान्देशचं नंतर भांडा, कागद उद्या छापायला जातोय. 'हासळीचं हाड' लिहून शेजारी चित्र टाकते. 'हात झोळीत ठेवावा' एवढं तरी चालेल ना?

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक:
चित्र टाकाच. पण 'झोळी' बदला, ताई. आमच्या गावात झोळी म्हणजे तान्ह्या बाळाची, आढ्याला बांधलेली. 'गळ्यात फडकं बांधून त्यात हात अडकवा' लिहा.

संस्कृतप्रेमी:
फडकं? दवाखान्याच्या कागदावर?